न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत उत्तम स्टेक कुठे खावा : ठिकाण निवडण्यापासून हाडं घरी आणण्यापर्यंत

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला येऊन आम्हाला २२ वर्षं झाली. भारतातून कोणी आलं की पहिले तीन-चार दिवस ओक ट्री रोडवरच्या डोशात आणि चाटमध्ये जातात. मग पाहुण्यांकडून हमखास विचारणा होते, "इथलं, अगदी इथलं म्हणून काही खायला मिळेल का?" पाहुणे मांसाहारी असतील तर मी त्यांना स्टेकहाऊसमध्ये नेते. पिझ्झा इटलीहून आला, बेगल पूर्व युरोपातल्या ज्यूंनी आणला. पण जाड लाकडी टेबलं, पांढरे एप्रन बांधलेले वाढपी आणि ताटभर पसरलेला मांसाचा एकच तुकडा हा प्रकार न्यूयॉर्कने एकोणिसाव्या शतकात स्वतः घडवला.

ओळखीतले लोक फोन करून विचारतात, "सगळ्यात चांगलं कुठलं?" मी आधी उलट विचारते, "बरोबर कोण कोण आहे?" ते कळल्याशिवाय नाव सांगण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी : पंगतीत कोण आहे ते पाहा

स्टेक म्हणजे इथे गोमांस. आपल्यापैकी कित्येक जण ते खात नाहीत, काही जण खातात, आणि काही घरांत नवरा खातो पण सासूबाई समोर असताना नको असतं. हे टेबलावर बसल्यावर काढायचं बोलणं नाही. फोनवर आधीच स्पष्ट विचारावं, आणि कोणी नाही म्हटलं तर त्याला "एकदा खाऊन तर बघ" असा आग्रह करू नये.

सगळे गोमांस खाणारे असतील तर ब्रुकलिनचं पीटर लूगर किंवा मॅनहॅटनमधली जुनी घरं, म्हणजे जुनी स्टेकहाऊस. काही जण खात नाहीत पण मटणावर जीव आहे, तर डोळे मिटून कीन्स. दहा-बारा जणांचा गोतावळा, त्यात मुलं आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी, तर नूअर्कचा आयर्नबाउंड भाग. तरुण मंडळी, तिखट-आंबट तोंडी लावणं हवं, तर कोट नावाचं कोरियन स्टेकहाऊस. खिसा सांभाळायचा असेल तर विल्यम्सबर्गचं सेंट अँसेल्म, किंवा मोठ्या घरातलं दुपारचं जेवण. हलाल किंवा कोशर (ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे केलेलं) हवं असेल तर त्यांची वेगळी स्टेकहाऊस शहरात आहेत. या जुन्या घरांत ती सोय गृहीत धरू नये.

पूर्ण शाकाहारी माणसाला स्टेकहाऊसमध्ये नेऊ नये असं माझं मत आहे. नेलंच तर ऑर्डर देताना तीन गोष्टी विचारा : बटाटे कशात तळले आहेत (गोमांसाच्या चरबीतही तळतात), क्रीम घातलेल्या पालकात चिकनचं पाणी आहे का, आणि लेट्यूसच्या सॅलडवर बेकन (खारवलेलं डुकराचं मांस) भुरभुरलेलं आहे का.

दुसरी पायरी : मांस कसं निवडलेलं असतं ते समजून घ्या

आपण खाटकाकडे उभे राहून "मांडीचं द्या, थोडा सीना टाका, एक नळी घाला" असं सांगतो, कारण कुठला भाग कशाला चालतो हे आपल्याला कळतं. तेवढंच स्टेकच्या बाबतीत कळलं की मेनूकार्डाची भीती उरत नाही.

जनावराचा जो स्नायू कमी राबतो तो मऊ असतो. पाय आणि खांदा दिवसभर राबतात, म्हणून त्यांत चिवट तंतू जास्त. ते मंद आचेवर तासभर शिजले की विरघळून रश्श्याला दाटपणा देतात. पाठीचा भाग त्या मानाने आरामात असतो. स्टेक तिथून निघतो. बकऱ्याची चाप जिथली, साधारण तीच जागा. या भागात विरघळवण्यासारखे चिवट तंतू फारसे नसतातच, म्हणून तो जास्त शिजवल्याने मऊ होत नाही, उलट रस निघून जाऊन कोरडा पडतो. मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवायची आपली सवय रश्श्यासाठी अगदी बरोबर आहे. स्टेकला ती लावली तर पैसे वाया जातात.

तुकड्यांची नावं चार-पाचच लक्षात ठेवायची. रिबआय हा बरगड्यांच्या भागातला, आतून चरबीच्या रेषा असलेला आणि चवीला सगळ्यात भरीव. न्यूयॉर्क स्ट्रिप त्याच्या मागचा, थोडा घट्ट, चावायला मजा देणारा. फिले मिन्यॉन म्हणजे पाठीच्या कण्याखालचा, सर्वांत मऊ पण चवीला सौम्य. पोर्टरहाऊस म्हणजे टी आकाराच्या हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला फिले, असे दोन्ही एकत्र. टी-बोनही तसाच, फक्त त्यातली फिलेची बाजू लहान असते. अमेरिकी नियमानुसार ती बाजू सव्वा इंच रुंद असेल तरच त्याला पोर्टरहाऊस म्हणता येतं, अर्धा इंच असेल तर टी-बोन. याशिवाय हँगर म्हणून एक स्वस्त तुकडा आहे, पोटाच्या आतल्या पडद्याजवळचा. चवीला तो दांडगा असतो. खाटीक तो विकण्याऐवजी स्वतःसाठी ठेवायचे, म्हणून त्याला बुचर्स स्टेक असंही म्हणतात.

आता प्रत. अमेरिकेचं कृषी खातं मांसाला प्रत देतं : प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशी उतरती. स्नायूत चरबीचं जाळं किती आहे आणि जनावराचं वय किती यावर ती ठरते. चांगल्या स्टेकहाऊसमध्ये प्राइम असतं आणि ते मेनूवर लिहिलेलं असतं. दोन शब्दांनी मात्र फसू नका. "प्राइम रिब" हे पदार्थाचं नाव आहे, ते मांस प्राइम प्रतीचं असेलच असं नाही. आणि "अँगस" ही जनावराची जात आहे, प्रत नव्हे.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : मुरवणं, म्हणजे ड्राय-एजिंग. मांसाचे मोठे हाडासकट तुकडे गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाच्या खोलीत, सतत खेळत्या हवेत, तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त उघडे ठेवतात. त्या काळात मांसातलीच विकरं स्नायूंचे धागे सैल करतात, पाणी उडून जातं आणि चव दाटते. शेवगा सुकला की शेंग हलकी होते तसं वजन घटतं. बाहेरची काळपट, टणक साल तासून टाकावी लागते. घटलेलं वजन आणि तासलेली साल या दोन्हींचा खर्च उरलेल्या मांसावर पडतो, म्हणून ते महाग. तोंडात त्याला सुक्या मेव्याची आणि जुन्या चीजची अशी एक मिसळलेली चव येते. दुसरी पद्धत प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवण्याची. तिने मांस मऊ होतं पण ती चव येत नाही.

म्हणून कुठलंही नवं स्टेकहाऊस पारखायचं असेल तर फोन करून एवढंच विचारा : तुम्ही ड्राय-एज करता का, किती दिवस, आणि इथेच करता की मुरवलेलं आणता? जिथे आकडा चटकन सांगतात तिथे जा. जिथे "थांबा हं, विचारून सांगते" असं होतं तिथे तो मुख्य विषय नाही असं समजा. स्टेक चांगला होणार की नाही हे निम्म्याहून जास्त त्या थंड खोलीत आणि त्याही आधी खरेदीच्या वेळी ठरलेलं असतं. स्वयंपाक्याच्या हाती शेवटची काही मिनिटं असतात.

तिसरी पायरी : ठिकाणं

पीटर लूगर, विल्यम्सबर्ग, ब्रुकलिन. १८८७ साली सुरू झालं तेव्हा इथे कॅफे, बिलियर्ड्स आणि बोलिंग असं सगळं होतं. १९५० मध्ये ते सोल फोरमन यांनी विकत घेतलं. त्यांचा धातूच्या वस्तूंचा कारखाना रस्त्याच्या पलीकडेच होता आणि ते इथले नेहमीचे गिऱ्हाईक होते. मांस ओळखायचं कसं, हे त्यांच्या पत्नी मार्शा एका निवृत्त सरकारी प्रतवारी अधिकाऱ्याकडून शिकल्या आणि बाजारात स्वतः उभं राहून निवड करू लागल्या. पुढे त्यांच्या मुलींनी आणि नातीने ते काम चालवलं. पुरुषांनी भरलेल्या घाऊक बाजारात एक बाई टॉर्च घेऊन एकेक तुकडा तपासते आहे, हे चित्र मला फार आवडतं.

इथे मेनू बघायची गरज पडत नाही. "स्टेक फॉर टू" किंवा "फॉर थ्री" म्हणायचं, म्हणजे पोर्टरहाऊस येतो. ताट येताना आधी आवाज येतो. तळाला वितळलेलं लोणी चरचरत असतं, तुकडे कापून हाडाभोवती परत जुळवून ठेवलेले असतात. वाढपी ताटाच्या एका बाजूखाली उलटी बशी सरकवतो, ताट तिरकं होतं, लोणी आणि मांसाचा रस खालच्या कडेला साचतो. मग तो दोन चमच्यांनी तुकडे उचलून आपल्या ताटात ठेवतो आणि तो रस वर सोडतो. वरची कड काळी, कुरकुरीत, मिठाची; आत गुलाबी. पहिला तुकडा स्ट्रिपच्या बाजूचा घ्या, मग फिलेचा. क्रम उलटा केला तर फिले खाल्ल्यावर स्ट्रिप चिवट वाटते.

बरोबर जाड कापलेलं बेकन (डुकराचं, माहीत असू द्या), जर्मन पद्धतीचे परतलेले बटाटे आणि क्रीममधला पालक. गोडाबरोबर वाडगाभर फेटलेलं क्रीम येतं, त्याला ते श्लाग म्हणतात. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या घराला शून्य तारे दिले होते आणि त्यावर बरंच वादळ झालं होतं. मी त्यानंतरही गेले आहे. वाढपी लाडीगोडी करत नाहीत, कोळंबीचं कॉकटेल इथे मागवू नये. पण पोर्टरहाऊससाठी माझी पहिली पसंती अजून हीच आहे. दुपारी गेलात तर इथलं बर्गर खा, ते फक्त दुपारीच मिळतं. आणखी एक : या घरात कित्येक दशकं रोख किंवा त्यांचं स्वतःचं कार्डच चालायचं, म्हणून आरक्षण करतानाच पैसे कसे घेतात ते विचारून ठेवा. सबवेच्या जे, एम किंवा झेड गाडीने मार्सी अव्हेन्यूला उतरलं की चालत जाता येतं. लाँग आयलंडवर राहणाऱ्यांसाठी ग्रेट नेकला दुसरी शाखा आहे.

कीन्स, वेस्ट ३६वा रस्ता, मॅनहॅटन. मराठी माणसाला एकच ठिकाण दाखवायचं असेल तर मी हे दाखवते. १८८५ सालचं. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते, कारण छताला लांब दांड्यांचे मातीचे पांढरे पाइप ओळीने टांगलेले आहेत, ५०,००० हून जास्त. पूर्वी गिऱ्हाईक आपला पाइप इथेच ठेवून जायचं, कारण मातीची ती लांब दांडी खिशात मोडायची. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, बेसबॉलपटू बेब रूथ, आइन्स्टाइन यांचेही पाइप इथे आहेत. सुरुवातीला हे फक्त पुरुषांचं होतं. १९०५ मध्ये लिली लँगट्री या नटीला आत घेतलं नाही म्हणून तिने खटला भरला आणि जिंकला. मुलींना घेऊन गेलात तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

इथली ओळख म्हणजे मटन चॉप. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मेंढीचं मांस खाणं जवळजवळ संपलं, या घराने मात्र तो पदार्थ सोडला नाही. आता ते मांस पूर्ण वाढलेल्या मेंढीचं नसून मोठ्या कोकराचं असतं, पण आकार तोच : पाठीचा दोन्ही बाजूंसकटचा आडवा काप, दोन इंचांच्या आसपास जाड, कडेला चरबीच्या दोन पट्ट्या वळून कुरकुरीत झालेल्या. माझे सासरे कोल्हापूरचे. त्यांनी आयुष्यभर मटण म्हणजे तांबडा-पांढरा एवढंच मानलं. चॉप समोर आल्यावर त्यांनी आधी वास घेतला, मग चरबीची कड तोडून खाल्ली आणि मला म्हणाले, "सूनबाई, मसाला नाही घातला तरी चालतंय की!" त्यांच्या तोंडून हे आलं याचं मला आजही अप्रूप आहे. त्यांनी अर्ध्यावर एक हिरवी मिरची मागितली, आणि आतून कोणीतरी खरोखर कापलेली मिरची आणून दिली.

एक चॉप दोघांना पुरतो. गोमांस न खाणाऱ्यांनी भट्टी आणि सुऱ्या वेगळ्या असतात का हे आपल्या मनाच्या समाधानासाठी विचारून घ्यावं. बहुतेक स्टेकहाऊसमध्ये एकाच भट्टीवर सगळं भाजतात. एडिसन, मेट्रोपार्क किंवा प्रिन्स्टनहून येणाऱ्यांना हे ठिकाण सगळ्यात सोयीचं आहे : नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी पेन स्टेशनला सोडते आणि तिथून दहा-बारा मिनिटं चालायचं. गाडीच पकडायची असल्याने वाइन घेतली तरी काळजी नाही.

बाकीची जुनी घरं थोडक्यात. गॅलघर्स, वेस्ट ५२वा रस्ता, १९२७. मुरवण्याची खोली रस्त्यावरूनच काचेतून दिसते. ड्राय-एजिंग म्हणजे काय हे कोणाला समजावायचं असेल तर त्या काचेपुढे उभं करा, मी वर लिहिलेला परिच्छेद लागणार नाही. मांस हिकरी लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजतात, त्यामुळे धुराचा हलका वास लागतो. ब्रॉडवेच्या नाटकाआधी जेवायला हे उत्तम. ओल्ड होमस्टेड, मीटपॅकिंग भागात, १८६८ पासून; आसपासचा खाटकांचा घाऊक बाजार उठून तिथे महागडी दुकानं आली, हे टिकून आहे. डेल्मोनिकोज, बीव्हर स्ट्रीट. या कोपऱ्यावर हे नाव पहिल्यांदा १८३७ मध्ये आलं. डेल्मोनिको स्टेक हे नाव इतरत्र वेगवेगळ्या तुकड्यांना लावतात, इथे मात्र तो बिनहाडाचा रिबआय. वुल्फगँग्ज, पार्क अव्हेन्यू, २००४ मध्ये पीटर लूगरच्या मुख्य वाढप्याने काढलेलं. पद्धत तीच, ताटही तसंच तिरकं, छत नक्षीदार टाइल्सच्या कमानींचं. ब्रुकलिनला जायला वेळ नसेल तर इथे जा.

कोट, फ्लॅटआयर्न भाग, मॅनहॅटन. २०१७ मध्ये निघालेलं कोरियन स्टेकहाऊस. टेबलाच्या मधोमध जाळी असते, वाढपी समोरच भाजून देतो. "बुचर्स फीस्ट" मागवलं की ठरलेल्या रकमेत चार वेगवेगळे तुकडे, किमची आणि इतर लोणची, फुगवलेलं अंडं, दोन झणझणीत रस्से आणि भात असं सगळं येतं. आपल्या जिभेला हे फार जवळचं आहे, कारण मांसाबरोबर आंबट-तिखट आणि भात असतो. प्रत्येक तुकडा लहान असल्याने चारही प्रकार शेजारी-शेजारी चाखून फरक कळतो. शिकायला म्हणून मी नवख्या माणसाला आधी इथे आणि मग लूगरला पाठवते. जाताना खालच्या मजल्यावरची लाल दिव्यातली मुरवण्याची खोली बघून या.

सेंट अँसेल्म, विल्यम्सबर्ग. वर सांगितलेला हँगर इथे बुचर्स स्टेक म्हणून मिळतो, लसणाच्या लोण्याबरोबर. मोठ्या घरांच्या मानाने फार कमी पैशांत. जागा लहान, गर्दी खूप. संध्याकाळी लवकर जा.

आयर्नबाउंड, नूअर्क. चारी बाजूंनी रेल्वेचे रूळ, म्हणून हे नाव. पोर्तुगीज आणि ब्राझिलियन वस्ती. नूअर्क पेन स्टेशनच्या मागच्या बाजूला उतरलं की फेरी स्ट्रीट सुरू होतो. जर्सी सिटीहून पाथची (न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीला जोडणारी लोकल) गाडी थेट येते. इथे रोडिझिओ मिळतं : माणशी ठरलेले पैसे द्यायचे आणि वाढपी लांब सळया घेऊन टेबलांमधून फिरत राहतात. सळईवर कधी पिकान्या (मागच्या भागाचा, वर चरबीचा जाड थर असलेला तुकडा), कधी चिकन, कधी डुकराचं सॉसेज, कधी कोंबडीची काळजंही. प्रत्येकाने आपल्याला चालतं तेवढंच घ्यायचं. त्यामुळे मिसळलेल्या पंगतीला याहून सोयीचं काही नाही. फर्नांडिस स्टेकहाऊस आणि ब्राझिलिया ग्रिल ही दोन नावं लक्षात ठेवा. एक सूचना : सुरुवातीला भात, काळ्या घेवड्याची उसळ आणि तळलेली केळी समोर येतात. आपला हात आपसूक तिकडे जातो आणि पोट भरतं. भाताला जरा थांबवा. पिकान्या दुसऱ्या फेरीत येतो.

न्यू जर्सीत बर्गन आणि पसेक काउंटीत राहणाऱ्यांच्या कानावर "बीफस्टेक" हा शब्द वेगळ्या अर्थाने येईल. ते हॉटेल नसून सामुदायिक जेवण असतं, बहुधा शाळेसाठी किंवा अग्निशमन दलासाठी वर्गणी गोळा करायला. एप्रन बांधून, पावाच्या चकतीवर ठेवलेले लोण्यात भिजलेले काप हाताने खायचे, पाहिजे तितके. शेजाऱ्यांनी बोलावलं तर जरूर जा.

चौथी पायरी : दिवस आणि वेळ

शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ हवी असेल तर दोन-तीन आठवडे आधी आरक्षण करा. मंगळवार-बुधवार निवांत असतात आणि वाढप्याला बोलायला वेळ असतो. जानेवारीत आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट वीक असतो, १९९२ पासून चालू आहे. काही स्टेकहाऊस त्यात ठरलेल्या दरात जेवण देतात. पण त्या मेनूत बहुधा लहान किंवा साधा तुकडा असतो, पोर्टरहाऊस नसतो, हे बघून मगच ठरवा. दुपारी नीट जेवून संध्याकाळी स्टेक, असं करू नका. सकाळी पोहे, दुपारी फळं, संध्याकाळी साडेपाचला टेबल : आमच्या घरचा हा क्रम आहे.

पाचवी पायरी : किती शिजवायला सांगायचं

इथे आपली माणसं अडतात. पहिल्या खेपेला मीही अडले होते. फिले मागवला, "वेल डन" म्हटलं, आणि आलेला तुकडा सुकलेल्या लाकडासारखा होता. चूक माझीच होती. मऊ आणि कमी चरबीचा तुकडा मी कोरडा करून मागितला होता.

कापल्यावर जो लाल रस दिसतो तो रक्त नव्हे. रक्त कत्तलीच्या वेळीच निघून गेलेलं असतं. स्नायूत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, ते पाण्यात मिसळून तसं दिसतं. एवढं कळलं की निम्मा संकोच जातो.

मीडियम रेअर म्हणजे आतलं तापमान ५४ ते ५७ अंश सेल्सिअस, गुलाबी-लाल. मीडियम म्हणजे ६० ते ६३, गुलाबी. वेल डन ७१ च्या पुढे. पहिल्यांदा खाणाऱ्याने मीडियम सांगावं आणि तुकडा रिबआय घ्यावा, कारण त्यातली चरबी त्या आचेला नीट वितळते. ज्याला गुलाबी बघवतच नाही त्याच्यासाठीही रिबआयच. जास्त शिजवलं तरी तो थोडा रस राखतो. फिले मात्र मीडियम रेअरच्या पुढे नेऊ नका. शंका असेल तर कमी शिजवायला सांगा, परत भट्टीत टाकता येतं.

गरोदर बायका, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी कृषी खात्याची शिफारस पाळावी : अखंड तुकडा ६३ अंशांपर्यंत शिजवून तीन मिनिटं थांबलेला, आणि बर्गरसारखं खिमा केलेलं मांस ७१ पर्यंत. खिम्यात बाहेरचा पृष्ठभाग आत मिसळला जातो, म्हणून त्याचा नियम कडक आहे.

चौघांत काय मागवायचं? तिघांचा पोर्टरहाऊस चौघांना पुरतो, बरोबर दोन तोंडी लावणी आणि एक सॅलड. वाढपी "चौघांचा घ्या" म्हणेल. नम्रपणे नको म्हणा. सॉस आधी घालू नका. पहिले दोन घास नुसते खा, मग मोहरी किंवा मिरपूड. एखाद्याला तिखट लागतंच, त्यासाठी मी पर्समध्ये लसणाच्या चटणीची छोटी डबी ठेवते आणि ती कधी कोणाच्या डोळ्यांवर आलेली नाही.

बिल आणि हाडं

मोठ्या घरात चौघांचं बिल वाइनसकट ५०० डॉलरांच्या सहज पुढे जातं, तशी तयारी ठेवून जा. टिप १८ ते २० टक्के. न्यूयॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के आहे, तो दुप्पट करून थोडे वर टाकले की झालं. न्यू जर्सीत कर ६.६२५ टक्के, तिथे तिप्पट करा. मोठ्या गटाला कधी कधी टिप बिलातच लावलेली असते. सही करण्याआधी बिल नीट वाचा. न्यू जर्सीत दारूचे परवाने कमी आणि महाग, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आपली बाटली नेता येते. फोनवर विचारा, वाइनवरचा खर्च बराच वाचतो.

उरलेलं बांधून मागायला संकोचू नका, इथे सगळेच मागतात. हाडही मागा. दुसऱ्या दिवशी स्टेक मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तो करडा आणि रबरी होतो. फ्रीजमधून काढून थंड असतानाच पातळ काप करायचे, बिडाचा तवा चांगला तापवायचा, उभा चिरलेला कांदा आणि मिरची परतून घ्यायची, आणि गॅस बंद करून मग काप त्यात टाकायचे. तव्याची धग पुरते. गरम भाकरीबरोबर वाढायचं.

कीन्सच्या चॉपची हाडं आम्ही वेगळी ठेवतो. आल्याचा तुकडा, चार लसणाच्या पाकळ्या, हळद आणि मीठ घालून कुकरला सहा शिट्ट्या. भाजलेल्या हाडांमुळे त्या अळणीला धुराचा एक वास येतो, जो घरच्या मटणाला कधी येत नाही. नारळाचं दूध आणि खसखस वाटून घातली की त्याचा पांढरा रस्सा होतो. सासरे इथे होते तोवर दुसऱ्या दिवशीचा हा वाडगा त्यांचाच असायचा.